‘तू सेव्ह्ड आहेस का?’ या प्रश्नाचा इतिहास

मंडळी, शाळा सुरू झाल्या की आपल्या ग्रुपवर हा विषय दरवर्षी येतोच. यावेळी फोर्थ ग्रेडमधल्या एका मुलीच्या आईने लिहिलं होतं. डबा खाताना मैत्रिणीने विचारलं, तू सेव्ह्ड आहेस का? हिला काही कळलं नाही. मग मैत्रिणीने सांगितलं की येशूवर विश्वास नसेल तर तू आणि तुझी भारतातली आजी मेल्यावर नरकात जाणार. पोरगी दोन रात्री नीट झोपली नाही. खाली साठ-सत्तर कमेंट आल्या. निम्म्यांचं म्हणणं, हे लोक धर्मांतर करायला टपलेलेच असतात, शाळेत तक्रार करा. उरलेल्यांचं म्हणणं, मुलीला सांगा की सगळे धर्म शेवटी एकच शिकवतात.

मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटली. नऊ-दहा वर्षांची ती मैत्रीण कुणाला छळायला निघालेली नव्हती. घरात तिला जे शिकवलंय ते तिने खरं मानलं आणि मैत्रिणीची काळजी वाटली म्हणून सांगितलं. आणि ‘सगळे धर्म सारखेच’ हे आपण म्हणतो, त्या मैत्रिणीच्या घरी ते अजिबात मान्य नाही. त्या घराचा विश्वास नेमका काय आहे हे आपल्यालाच माहीत नसेल, तर मुलांना काय सांगणार? मी अमेरिकेच्या दक्षिणेत राहते, चारी बाजूंना चर्च आहेत, त्यामुळे या विषयावर बरंच वाचन झालं. त्यातलं थोडं इथे लिहिते. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी शब्द. इव्हँजेलिकल हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ चांगली बातमी. आपल्याकडे मराठी बायबलमध्ये त्यालाच शुभवर्तमान म्हणतात. जर्मनीत राहणाऱ्यांनी लक्षात घ्या, तिथे हाच शब्द सरसकट प्रोटेस्टंट चर्चला लावतात, कारण मार्टिन ल्यूथरच्या काळापासून तो तसाच रुळला. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये मात्र तो एका विशिष्ट वळणाच्या ख्रिस्ती लोकांसाठी वापरतात. कॅथलिक वेगळे, आणि प्रोटेस्टंटांमधलेही सगळे यात येत नाहीत.

ल्यूथरने १५१७ साली जो वाद सुरू केला त्याचं मूळ असं: माणूस देवापुढे निर्दोष ठरतो तो कशाने? दानधर्म, उपास, यात्रा, पाद्र्याने दिलेली माफी, यांनी नाही, तर फक्त देवाच्या कृपेने, आणि ती विश्वासाने घ्यायची असते. आपल्या भाषेत सांगायचं तर पुण्याचं खातं उघडून त्यात थोडं थोडं जमा करण्याची सोयच त्याने बंद केली. इव्हँजेलिकल घरात हे अगदी लहानपणापासून शिकवतात. म्हणून ‘माझी आजी किती चांगली आहे, रोज गाईला घास घालते’ असं आपल्या मुलीने सांगितलं तरी मैत्रिणीचं समाधान होत नाही. चांगुलपणाने तारण होतं असं तिच्या शिकवणीत कुठेच नाही.

आता तो डब्याच्या टेबलावरचा प्रश्न. त्याचा एक फार जुना प्रसंग नोंदलेला आहे, आणि तो याच भागात, जॉर्जियातल्या सवाना गावात घडलेला आहे. जॉन वेस्ली हा ऑक्सफर्डमध्ये शिकलेला इंग्लिश पाद्री. वडीलही पाद्रीच. अत्यंत काटेकोर माणूस, ठरलेल्या वेळी प्रार्थना, उपास, कैद्यांना भेटणं, गरिबांना मदत. १७३५मध्ये तो धर्मप्रचारासाठी बोटीने अमेरिकेला निघाला. वाटेत मोठं वादळ झालं. इंग्रज प्रवासी किंचाळत होते आणि त्याच बोटीवरची मोरेव्हियन पंथाची जर्मन मंडळी, बायकापोरांसकट, शांतपणे स्तोत्रं गात होती. वेस्ली मनातून हादरला. आपल्याला मरणाची भीती वाटते आणि यांना वाटत नाही, हे त्याने डायरीत लिहून ठेवलं.

फेब्रुवारी १७३६मध्ये जॉर्जियात उतरल्यावर मोरेव्हियनांच्या एका पाळकाने, स्पँगेनबर्ग त्याचं नाव, वेस्लीला विचारलं की तू येशूला ओळखतोस का? वेस्ली म्हणाला, तो जगाचा तारणारा आहे हे मला माहीत आहे. त्यावर स्पँगेनबर्ग म्हणाला, ते खरंच, पण त्याने तुला तारलं आहे हे तुला ठाऊक आहे का? वेस्लीने कसंबसं उत्तर दिलं आणि रात्री डायरीत कबूल केलं की ते शब्द पोकळ होते.

बघा, प्रश्न तोच. फक्त तो एका दीक्षित पाद्र्याला विचारला होता!

दोन वर्षांनी वेस्ली हात हलवत इंग्लंडला परत गेला. २४ मे १७३८च्या संध्याकाळी लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका छोट्या सभेत तो मनाविरुद्धच जाऊन बसला. तिथे ल्यूथरचं एक विवेचन वाचलं जात होतं. ऐकता ऐकता त्याला आत काहीतरी ऊब जाणवली आणि आपली पापं, आपली स्वतःची, माफ झाली अशी खात्री पटली. पुढे हजारो मैल घोड्यावरून फिरून त्याने उघड्या मैदानात प्रवचनं दिली, आणि त्यातून मेथडिस्ट पंथ उभा राहिला. इकडे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या नॉर्थॅम्प्टनमध्ये जोनाथन एडवर्ड्सच्या चर्चमध्ये १७३४-३५ साली अशीच लाट आली होती. १७४०मध्ये वेस्लीचाच मित्र जॉर्ज व्हाइटफील्ड अमेरिकेच्या वसाहतींमधून फिरला आणि ती लाट गावोगाव पसरली. हिला इतिहासात ‘ग्रेट अवेकनिंग’, म्हणजे मोठी जागृती, म्हणतात.

या सगळ्यातून एक गोष्ट पक्की झाली. ख्रिस्ती घरात जन्म घेतला, लहानपणी बाप्तिस्मा झाला, दर रविवारी चर्चला गेलं, एवढ्याने कोणी ख्रिस्ती होत नाही. प्रत्येकाने स्वतः, एकेकट्याने, पश्चात्ताप करून येशूवर भरवसा ठेवायचा. योहानाच्या शुभवर्तमानात येशू निकदेम नावाच्या विद्वानाशी रात्री बोलताना नव्या जन्माची गोष्ट काढतो, ‘बॉर्न अगेन’ हा शब्द तिथला. आपल्याकडे धर्म जन्माने मिळतो, त्यामुळे हे पटकन ध्यानात येत नाही. पण मला वाटतं, पालकांनी आधी हेच समजून घ्यावं. त्या मैत्रिणीच्या घरातला हिशेब हिंदू विरुद्ध ख्रिस्ती असा नसतो. त्यांच्या मते शेजारचा, नाताळला तेवढा चर्चला जाणारा गोरा माणूसही सेव्ह्ड नाही. कित्येकदा सख्खा काकाही नाही. आजीला एकटीलाच बाजूला काढलेलं नाही.

डेव्हिड बेबिंग्टन नावाच्या ब्रिटिश इतिहासकाराने १९८९च्या पुस्तकात इव्हँजेलिकल कोणाला म्हणायचं याच्या चार खुणा सांगितल्या आणि आजही बहुतेक अभ्यासक तिथूनच सुरुवात करतात. बायबल हा शेवटचा शब्द. वधस्तंभावरचं येशूचं मरण हा सगळ्याचा गाभा. आयुष्य पालटणारं मनपरिवर्तन. आणि स्वस्थ न बसता ते जगाला सांगत सुटणं. बायबल आणि मनपरिवर्तन या गोष्टी बाहेरूनही दिसतात. वधस्तंभाबद्दल मात्र थोडं थांबायला हवं, कारण आपल्या मुलांना अडखळायला होतं ते तिथे.

त्यांची शिकवण थोडक्यात अशी: देव प्रेमळ आहे आणि न्यायीही आहे. माणूस पापी आहे, म्हणजे फक्त चुका करतो असं नाही, मुळातच देवापासून तुटलेला आहे. न्यायाप्रमाणे शिक्षा व्हायलाच हवी. ती शिक्षा देवाच्या पुत्राने माणसाच्या जागी स्वतः भोगली. तिसऱ्या दिवशी तो शरीरासह उठला. हे जो स्वीकारतो त्याला ती माफी लागू होते. आता कर्माच्या हिशेबात वाढलेल्या आपल्या मनाला पहिला प्रश्न हाच पडतो की एकाचं पाप दुसऱ्याने कसं फेडायचं? ज्याचं कर्म त्यानेच भोगायचं ना? माझ्या मते दोन धर्मांतला खरा फरक इथे आहे, पूजेच्या पद्धतीत किंवा देवांच्या संख्येत तो तेवढा नाही. त्याच वेळी ‘माझ्या हातून काही होत नाही, तूच ओढून घे’ ही आर्तता वारकरी संतांच्या वाचकाला परकी नाही. कवी नारायण वामन टिळक १८९५मध्ये ख्रिस्ती झाले, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत.

टिळकांपर्यंत ही शिकवण पोचली कशी? ती चौथी खूण, स्वस्थ न बसणं. १८०६च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विल्यम्सटाउनमध्ये कॉलेजची पाच पोरं शेतात प्रार्थनेला जमली होती. पाऊस आणि विजा सुरू झाल्या म्हणून ती गवताच्या गंजीच्या आडोशाला गेली आणि तिथे बोलता बोलता ठरलं की आशियात जाऊन सुवार्ता सांगायची. त्यातून १८१०मध्ये अमेरिकन बोर्ड ही परदेशी मिशनांची संस्था निघाली. फेब्रुवारी १८१२मध्ये सेलमच्या चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा मिळाली. त्यातला गॉर्डन हॉल त्याच कॉलेजचा. तो आणि सॅम्युएल नॉट फिलाडेल्फियाहून बोटीत बसले. कलकत्त्याला पोचले तर ईस्ट इंडिया कंपनीने परत जायचा हुकूम दिला. कंपनीला व्यापारात धर्माची कटकट नको होती, शिवाय तोवर अमेरिका आणि इंग्लंडचं युद्ध सुरू झालेलं. ही दोघं तिथून निसटून फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईत उतरली. मुंबईचे गव्हर्नर नेपियन यांच्याकडे अर्जविनंत्या करत महिने काढले आणि शेवटी राहायची परवानगी मिळाली.

व्हिसाच्या रांगेत आयुष्य घालवलेल्या आपल्या लोकांना ही धाकधूक वेगळी समजावून सांगायला नको!

यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. हॉल मराठी शिकला, बाजारात उभा राहून बोलला, आणि १८२६मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीने गेला. तेरा वर्षांत त्याच्या हाती धर्मांतरं जवळजवळ काहीच लागली नव्हती. शाळा मात्र निघाल्या होत्या. १८२४मध्ये मुंबईत मुलींची शाळा निघाली. १८२७च्या अखेरीस सिंथिया फॅरार ही अविवाहित अमेरिकन बाई आली आणि पुढे अहमदनगरला तिने मुलींच्या शिक्षणाचं काम केलं. तिच्या तिथल्या शाळेशी सावित्रीबाई फुल्यांचं नाव जोडलं जातं. १८४२मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ निघालं. मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात ते आपण अभ्यासलंय, पण त्याचा खर्च न्यू इंग्लंडमधल्या ज्या चर्चांच्या वर्गणीतून यायचा, त्या लोकांच्या मनात मुंबईतल्या माणसाचं तारण होणार की नाही ही खरीखुरी काळजी होती. शाळा आणि छापखाना हे त्या काळजीतून आले. त्यांच्यासाठी ती दोन वेगळी कामं नव्हती. आपण मात्र शाळा घेतो आणि काळजी गाळतो.

पंडिता रमाबाईंचंही आपण तसंच केलं आहे. शाळेच्या पुस्तकात त्या समाजसुधारक, शारदा सदनाच्या संस्थापक. त्यांचा ख्रिस्ती धर्म एका ओळीत उरकतो. खरं तर इव्हँजेलिकल म्हणजे काय हे एका मराठी माणसाच्या आयुष्यातून समजून घ्यायचं तर रमाबाईंसारखं दुसरं उदाहरण नाही.

१८५८चा जन्म. कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली संस्कृतज्ञ. १८८२मध्ये वैधव्य, पदरात लहान मनोरमा. १८८३मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच सप्टेंबरमध्ये वाँटेजला आईलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुण्यात गदारोळ झाला. पण तिकडे मठातल्या बायकांनाही सुख लागलं नाही! रमाबाई प्रश्न विचारायच्या. पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे त्रैक्य कुठे लिहिलंय? चर्च सांगतं म्हणून मी का मानू? त्यांची आणि सिस्टर जेराल्डिन यांची पत्रं उपलब्ध आहेत. वडीलकीच्या नात्याने सिस्टर नम्र व्हायला सांगतात, आणि रमाबाई दर वेळी बायबलचा आधार मागतात. एका धर्माच्या शास्त्र्यांपासून सुटून दुसऱ्या धर्माच्या शास्त्र्यांच्या हाती जायची त्यांची तयारी नव्हती. चर्चपेक्षा बायबल वरचं, ही बेबिंग्टनची पहिली खूण त्यांच्यात तेव्हाच होती.

१८८६मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला आल्या, अमेरिकाभर फिरल्या, बोस्टनमध्ये त्यांच्या नावाने मदतमंडळ निघालं. १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. आणि मग, बाप्तिस्म्याला सात-आठ वर्षं होऊन गेल्यावर, विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाद्र्याचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. हा हॅस्लम कित्येक वर्षं प्रवचनं देत होता आणि आपलंच तारण झालेलं नाही हे त्याला स्वतःचंच प्रवचन देताना कळलं. रमाबाई थबकल्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळालाच नाही, असं त्यांना जाणवलं, हे त्यांनी १९०७च्या आपल्या साक्षीत लिहिलं आहे. वेस्लीची गोष्ट पुन्हा आठवा. सगळं करूनही आत रिकामं, आणि मग एका क्षणी खात्री.

याची किंमतही पडली. शारदा सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं. पण रमाबाई स्वतःच्या प्रार्थनेला दार उघडं ठेवायच्या आणि मुली येऊन बसायच्या. १८९३मध्ये मुलींच्या धर्मांतराच्या शंकेवरून न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी विश्वासाने मुली पाठवलेल्या होत्या, हेही खरंच होतं. पालक म्हणून मी ते प्रकरण वाचते तेव्हा रानड्यांची अडचण मला पूर्ण कळते. रमाबाईंची बाजूही कळते, आपल्या घरात आपण दार लावून का प्रार्थना करायची?

पुढे दुष्काळातल्या मुली-बायका गोळा करून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. जून १९०५मध्ये तिथे मोठं उज्जीवन झालं, मुली तासन् तास मोठ्याने रडत प्रार्थना करू लागल्या. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या ज्या सभांपासून पेंटेकॉस्टल चळवळीचा इतिहास सहसा सुरू करतात त्या १९०६च्या, म्हणजे दौंड तालुक्यातलं केडगाव त्याच्या आधी! तिथल्या मिनी अब्राम्स या अमेरिकन बाईंनी या अनुभवावर पुस्तिका लिहिली, ती चिलीमधल्या मैत्रिणीला पाठवली, आणि चिलीतली पेंटेकॉस्टल चळवळ त्यातून पेटली. रमाबाईंनी शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत सगळं बायबल आणण्यात घालवली. १९२२मध्ये त्या गेल्या.

विसाव्या शतकातली अमेरिकेची गोष्ट भरभर सांगते, कारण ती बातम्यांतून थोडीफार आपल्या कानावर असते. डार्विन आणि बायबलची ऐतिहासिक चिकित्सा यांनी चर्च हादरली, तेव्हा १९१० ते १९१५ या काळात ‘द फंडामेंटल्स’ या पुस्तिका निघाल्या. खर्च कॅलिफोर्नियातल्या तेल कंपनीच्या मालकाचा. बायबल चुकत नाही, कुमारीपोटी जन्म, शरीरासह पुनरुत्थान, येशू परत येणार, हे मुद्दे पुन्हा ठासून मांडले. फंडामेंटलिस्ट हा शब्द तिथून आला. १९२५मध्ये टेनेसीत उत्क्रांती शिकवणाऱ्या स्कोप्सवर खटला झाला, देशभर चेष्टा झाली आणि ही मंडळी स्वतःच्या शाळा-कॉलेजांत मिटून गेली. १९४२मध्ये त्यांच्यातल्या जरा मोकळ्या लोकांनी वेगळी संघटना काढली आणि इव्हँजेलिकल हे जुनं नाव पुन्हा उचललं. १९४९च्या लॉस एंजेलिसच्या तंबूतल्या सभांनी बिली ग्रॅहम घराघरात पोचला. १९७६मध्ये जिमी कार्टर स्वतःला बॉर्न अगेन म्हणवत राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला. राजकारणाचं पुढचं सगळे जाणतातच, त्यात मी जात नाही.

पण हे सगळे एका मुशीतले आहेत असं समजू नका. विल्बरफोर्सने याच विश्वासातून गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आयुष्य वेचलं आणि ब्रिटनने तो १८०७मध्ये बंद केला. अमेरिकेत सदर्न बाप्टिस्ट मात्र १८४५मध्ये वेगळे निघाले ते गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी होता यावं म्हणून. काळ्या लोकांची कितीतरी चर्च हीच शिकवण मानतात, पण इव्हँजेलिकल हे नाव लावत नाहीत. कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलंय की माणसाच्या हातात काही आहे, यावर वेस्ली आणि व्हाइटफील्ड या दोन मित्रांचंच बिनसलं होतं.

आणि नरकाबद्दल. ज्यांनी येशूचं नाव कधी ऐकलंच नाही त्यांचं काय, यावर त्यांच्यात आजही एकमत नाही. जॉन स्टॉट हा ब्रिटिश पाद्री, १९७४च्या लोझान करारनाम्याचा मुख्य लेखक, म्हणजे इव्हँजेलिकल जगातला अगदी आतला माणूस. त्याने १९८८मध्ये लिहिलं की कायम जळत राहणारा नरक मनाला सोसवत नाही, आणि बायबल वाचून त्याला असंही वाटलं की नरक म्हणजे अखेरीस नाहीसं होणं असू शकतं. त्याच्यावर त्याच्याच लोकांची टीका झाली, पण त्याला कोणी बाहेर काढलं नाही. तेव्हा मुलीला सांगताना, ‘तुझ्या मैत्रिणीच्या घरी असं मानतात, त्यांच्यातही यावर वाद आहेत, आपण असं मानत नाही, आणि आजी ठीक आहे’ एवढं शांतपणे म्हणता येतं. मैत्रिणीला वाईट ठरवायची गरज पडत नाही.

व्यवहाराचं थोडं. अमेरिकेच्या सरकारी शाळेत शिक्षकाला वर्गात प्रार्थना घेता येत नाही, १९६२पासून सुप्रीम कोर्टाचे निकाल आहेत. एका मुलाने दुसऱ्याशी धर्माबद्दल बोलणं हा मात्र त्याचा हक्क आहे. मागे लागून त्रास दिला तर प्रश्न वेगळा, तेव्हा जरूर बोला. २००१च्या मिलफर्ड निकालानंतर शाळा सुटल्यावर शाळेच्याच इमारतीत गुड न्यूज क्लब भरू शकतात, पण त्याला पालकांची सही लागते. ती कागदांच्या गठ्ठ्यात न वाचता करू नका. हायस्कूलमध्ये १९८४च्या कायद्याने इतर विद्यार्थी-क्लबांना जशी जागा मिळते तशी धार्मिक क्लबांनाही मिळते, हिंदू मुलांच्या क्लबालाही. उन्हाळ्यातल्या व्हेकेशन बायबल स्कूलला बरेच जण फुकट पाळणाघर म्हणून पाठवतात. पाठवा किंवा नका पाठवू, पण तिथे हीच शिकवण गाण्या-खेळांतून देतात आणि बहुतेक ठिकाणी शेवटी मुलांना येशूला स्वीकारायला बोलावतात, हे ठाऊक असू द्या. ब्रिटनमधल्यांसाठी, तिथल्या शाळांत सामूहिक प्रार्थना कायद्यानेच आहे आणि त्यातून मुलाला काढून घ्यायचा हक्कही पालकांना आहे.

विल्यम्सटाउनला त्या गवताच्या गंजीच्या जागी १८६७मध्ये उभारलेला संगमरवरी खांब आहे, वर पृथ्वीचा गोल. बोस्टनकडचं कोणी यंदा पानगळ बघायला त्या बाजूला जाणार असेल तर कमेंटमध्ये फोटो टाका.